वाळूतील सोने

आई तांदूळ रोळते, तेव्हा हलके तांदूळ पाण्याबरोबर पुढे जातात आणि जड खडे तळाशी राहतात. याच नियमाने मनुष्य ओढ्याच्या वाळूतून सोने वेगळे करीत आला आहे. वाळू पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असते. सोने मात्र १९ पट! म्हणूनच प्रवाहाचा वेग जेथे मंदावतो, त्या वळणावर किंवा खडकाच्या आड ते साचते.

बेळगावच्या पूर्वेस, गदग जिल्ह्यात, कप्पतगुड्ड नावाची डोंगररांग आहे. मोठा पाऊस पडून गेला की तेथील जालगार लोक लाकडी पात्रात ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचीत. श्रम फार, प्राप्ती थोडी. १८७४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या प्रदेशाची पाहणी केली, तेव्हा जालगारांची ही विद्या त्यांनाही उपयोगी पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्यांनी तेथे खाणी खोदल्या. परंतु काही वर्षांतच त्या बंद पडल्या.

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले. तेथील ओढ्यांत आजही हौशी लोक थाळ्या घेऊन उतरतात. कप्पतगुड्ड मात्र २०१९ पासून अभयारण्य आहे. तेथे खोदकाम करू नये.

विद्यार्थिमित्रांनो, थाळीत वाळू व थोडा लोखंडाचा कीस घेऊन पाण्यात हळूहळू हलवून पाहा. घाई केलीत तर कीसही वाळूबरोबर वाहून जाईल. अक्षरशत्रू जालगाराला हे ठाऊक होते. पाण्याचा स्वभाव जाणणे आणि हात स्थिर ठेवणे, हीच त्याची खरी कमाई होय.