पोर्ट्रेटसाठी पहिली लेन्स कोणती?

प्रश्न : तारापूर एमआयडीसीत नोकरी करतो. नुकताच क्रॉप सेन्सरचा कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ लेन्स आहे. माणसांचे फोटो काढायला शिकायचंय. लगेच ८५ मिमी लेन्स घेऊ का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : घाई करू नका. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सची चौकट फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीएवढी भरते. पोर्ट्रेटला अगदी हवी तशी. ८५ लावलीत तर छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरणार नाही. म्हणून पहिली खरेदी ५० मिमी, एफ १.८. किमतीलाही ती परवडते.

त्याआधी महिनाभर हातातलीच लेन्स ५५वर ठेवून सराव करा. ॲपर्चर एफ ५.६, फोकस जवळच्या डोळ्यावर. शटर १/२००च्या खाली जाऊ लागला की आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

खरं शिकायचंय ते प्रकाशाबद्दल. केळव्याला किंवा चिंचणीला संध्याकाळी सगळे मावळत्या सूर्यासमोर माणूस उभा करतात आणि चेहरा काळा येतो. तुम्ही पाण्याकडे पाठ करा, माणसाला समुद्राकडे बघू द्या; तो सोनेरी उजेड थेट गालांवर पडेल. दुपारी सुरूच्या बनात सावलीच्या कडेला उभं करा.

खाऱ्या, दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल आजच आणा.

आणि सातपाटीच्या बंदरावर कोळणींचे फोटो काढायचे असतील, तर आधी विचारा आणि नंतर छापलेली प्रत हातात नेऊन द्या.