ट्राउटचा गळ माजलगावच्या धरणात चालेल का?

प्रश्न : तळ्यातल्या ट्राउट माशासाठी गळ कसा बांधतात, ते मोबाइलवर बघितलं. तसाच बांधून आपल्या माजलगावच्या धरणात टाकला, तर ट्राउट लागेल का? नाही तर दुसरं काय लागेल?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : ट्राउट लागणार नाही, कारण तो तिथे नाहीच. हा थंड पाण्याचा मासा. 10 ते 16 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खुशीत असतो. पाणी पंचविशीकडे सरकलं की त्याचा जीव कासावीस होतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. इंग्रजांनी हौसेनं तो आणला, पण सोडला कुठे? काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या डोंगरात. बीडचा मे महिना त्याला एक दिवसही मानवणार नाही.

मासा मिळाला नाही तरी बांधणी मात्र उचलण्यासारखी आहे. मधून आरपार भोक असलेलं शिसं तंगुसावर सैल ओवायचं आणि खाली एक फिरकी बांधायची, म्हणजे शिसं तिथे अडतं. फिरकीच्या पुढे हातभर बारीक तंगूस, आणि त्याच्या टोकाला गळ. शिसं तळाशी बसतं, पण ट्राउटचं आमिष तरंगणारं असल्यामुळे ते तळापासून हातभर वर राहतं. माशानं ओढलं की तंगूस शिशाच्या भोकातून सरकतो. माशाला वजन लागत नाही, म्हणून तो आमिष थुंकत नाही. सगळी करामत या सरकण्यात आहे.

आता आपले मासे. माझं म्हणणं एवढंच की आधी माशाचं तोंड बघा, मग गळ बांधा. बाजारात मासळीच्या पाटीपुढे दोन मिनिटं उभं राहिलात तरी कळेल. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणजे तो वरच्या पाण्यात खाणारा. रोहूचं तोंड जरा खाली झुकलेलं, ओठ झालरीसारखे; तो मधल्या पाण्यातला. मृगळ तळाशी चरतो. तेव्हा मृगळासाठी ट्राउटची बांधणी जशीच्या तशी चालेल, फक्त आमिष बुडणारं हवं. रोहूसाठी तरंगा लावा.

तरंगा विकत घ्यायची गरज नाही. लहानपणी ज्वारीच्या ताटातलं भेंड काढून आपण बैलगाड्या केल्या, तेच भेंड बोटभर कापा. ते पाणी पितं, म्हणून वरून मेण चोळा. मोरपिसाची काडी याहून सरस, पण त्यासाठी नायगावच्या मयूर अभयारण्यात हात घालू नका. तिथून असं काही उचलून आणणं गुन्हा आहे. तरंग्याखाली बारीक शिसं इतकंच लावा की पाण्यावर नुसतं टोक दिसेल. सगळा तरंगा वर डुलत राहिला, तर रोहूची हलकी टोच कळणारच नाही. शिसं दातांनी दाबायची सवय असेल तर ती सोडा, ते विषारी असतं. पक्कड वापरा.

गळ 6 किंवा 8 नंबरचा पुरे. इथे आकडा वाढला की गळ लहान होतो, दुकानात फसू नका. तंगूस 0.30 मिलिमीटरचा घ्या. गाठ अशी : टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक परत डोळ्याजवळच्या फटीतून काढा आणि ओढण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तंगूस तिथेच कच्चा पडतो. मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो.

आमिषाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळा, त्यात चिमूटभर पिंजलेला कापूस घाला. गोळा पाण्यात लवकर सुटत नाही. चिलापी (तिलापिया) माशाला गांडूळ लावलं तरी चालतं.

एक गंमत सांगतो. ज्या रोहू-कटल्याला आपण ‘आपले’ म्हणतो, तेही मूळचे इथल्या सिंदफणा नदीचे नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले. इथे मत्स्यबीज सोडून वाढवलेले. आणि आपली धरणं आटतातही. 2016 मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धरण असं कोरडं पडलं की पाणी भरल्यावर बीज पुन्हा सोडावं लागतं, त्याला पैसा लागतो. धरणातल्या मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेनं ठेक्यानं घेतलेला असतो. म्हणून गळ टाकण्याआधी काठावरच्या संस्थेच्या माणसाला विचारा, पावसाळ्यात अंड्यावरच्या माशांना सोडून द्या, आणि तुटलेला तंगूस काठावर न टाकता गुंडाळून घरी आणा. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.