सौरघटावरील पारदर्शक वाहक लेप



तानसा व भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर असो वा मुरबाड, विहिरीचे पाणी वर चढवायला वीज हवी. ऊन मात्र भरपूर आहे. म्हणून सौरघटातील एका महत्त्वाच्या सुधारणेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला. तो उन्हातील सुमारे 6 टक्के ऊर्जेचीच वीज करी. आज प्रयोगशाळेतील उत्तम घट 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

अडचण कोठे होती? उघडे सिलिकॉन 30 टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकते. शिवाय वीज गोळा करणाऱ्या चांदीच्या रेघा दाट काढल्या तर सावली पडते, विरळ काढल्या तर वीज वाटेतच वाया जाते. नेहमीच्या घटात सिलिकॉनचा वरचा थरच वीज रेघांपर्यंत नेतो. पण ‘हेटरोजंक्शन’ घटातील अस्फटिकी सिलिकॉनचा पातळ थर वीज नीट वाहू देत नाही. तेथे पारदर्शक वाहक लेप लागतो.

हा लेप बहुधा इंडियम ऑक्साइडमध्ये थोडे कथील मिसळून करतात. इंडियमच्या जागी बसलेला कथिलाचा अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. त्यामुळे वीज वाहते. लेपाची जाडी 70 ते 80 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. या जाडीला लेपाच्या वरून व खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि प्रकाश आत शिरतो.

कथील कमी पडले तर वीज अडते. मोकळे इलेक्ट्रॉन फार झाले तर लेपच अवरक्त किरण गिळतो. येथेही मध्यम मार्गच उपयोगी! इंडियम दुर्मिळ व महाग असल्याने अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचाही वापर होतो.

पूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. वीजविकासाचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका. पवईच्या आय.आय.टी.त 2010 पासून सौरघट संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. ते आपल्या तालुक्यांपासून फार दूर नाही. आपल्या मुलामुलींनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राला भिऊ नये.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट पारखून घेण्यास सांगितले. तेव्हा गावातील सौरपट्टीची वीज दुपारी मोजा, धूळ पुसून लगेच पुन्हा मोजा. अभ्यासाची सुरुवात तेथूनच होते.

जयभीम!