नव्या पाळकासाठी वही

बाळ, नेमणुकीचं पत्र हातात पडलं, आता एक वही घे. जाड पुठ्ठ्याची, पानांवर नंबर टाकलेली. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण मोबाइल तुझ्याबरोबर बदलीच्या गावी जातो, वही मंडळीत राहते. या वहीवरून महिन्याचा अहवाल पंचकमिटीला द्यायचा असला तरी वहीचा खरा उपयोग तुझ्या जागी उद्या येणाऱ्याला.

रोजचं रोज लिही. शनिवारी आठवडा आठवायला बसलास की 'घरभेटी केल्या, प्रार्थना केल्या' एवढंच उरतं. त्यापेक्षा 'मळ्यातल्या आजी पडल्या, पाय प्लास्टरमध्ये; प्रभुभोजन घरी न्यायचं; पुण्याच्या मुलाला फोन करायचा' असं लिही. म्हणजे नवा माणूस थेट आजींच्या दारात पोहोचतो. राहिलेलं कामही लिही. तरुण संघ जमला नाही, तर जमला नाही.

एक मात्र जपायचं. कुणाच्या घरी दारू आहे, कुणाची सून माहेरी गेली, हे अहवालात येता कामा नये. तो कागद सात पंच वाचतात आणि पंचांनाही घरदार असतं. तिथं नुसतं 'एक कुटुंब, खासगी भेट' एवढं पुरे. पंच खोदून विचारतील. नम्रपणे नाही म्हण आणि त्या नकारावर ठाम राहा. लोक तुझ्याजवळ मन मोकळं करायचे थांबले, तर मग अहवालात लिहायला राहील काय?

'मी देवाला जबाबदार, कमिटीला नाही' असं म्हणणारे भेटतील. बारा शिष्य दौऱ्यावरून परतले तेव्हा त्यांनी केलेलं आणि शिकवलेलं सगळं येशूला सांगितलं. मार्कचा सहावा अध्याय काढ. पौल आणि बर्णबा यांनीही अंत्युखियाला परतल्यावर मंडळी जमवून सगळं सांगितलं. आपल्याकडे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल छापले जात. तिथल्या जुन्या मंडळ्यांचा इतिहास शोधणारे आजही ते उघडतात.

पैशाचं तर बोलायलाच नको, तरी बोलतो. बायबलमधल्या योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. मग पेटी ठेवली गेली, आणि तिच्यातला पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून मोजत. योवाशाच्या त्याच कथेत कामावरच्या माणसांकडून हिशेब घेत नसत असंही आहे आणि ते तुला कुणीतरी हमखास ऐकवणार. त्याला आधीच्या ओळी वाचायला लाव. दानाची थैली रविवारी तिथल्या तिथं दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, सोमवारी खजिनदारानं बँकेत भरायची. मोजणाऱ्यांत तू नसलास तर उत्तम. थैलीतून परस्पर रिक्षाचं भाडंसुद्धा द्यायचं नाही. मंडळीचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल, तर हिशेब तपासून घ्यावेच लागतात. मार्चअखेरीस पावत्या हुडकत बसणारा खजिनदार दीनवाणा दिसतो.

लग्नाचं रजिस्टर वधूवर चर्चबाहेर पडण्याआधी पुरं कर. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा ती नोंद मागतो. बाप्तिस्म्याचंही तसंच, ते मूल मोठं झालं की दाखल्यासाठी तुझ्या जागेवरच्याकडे येणार.

सुट्टीचा दिवसही वहीत येऊ दे. आठवड्याचे सातही दिवस कामाने भरलेला अहवाल बघून पंच खूश होतात, मला धास्ती वाटते. असा माणूस लवकरच आजारी पडतो, नाहीतर खोटं लिहायला लागतो.

पंचांनाही सांगून ठेव की कागद नुसता फाइलला लावू नका, वाचा, निदान एक प्रश्न तरी विचारा. न वाचलेला अहवाल लिहिणाऱ्याचा हात तिसऱ्या महिन्यात ढिला पडतो. पहिल्या महिन्याचा अहवाल कुणी मागण्याची वाट पाहू नकोस. महिनाअखेरीच्या बैठकीत स्वतः वाचून दाखव आणि एक प्रत सेक्रेटरींच्या हाती दे, पोच घेऊन.