मुक्त व्यावसायिक संकलक : साधनांची निवड आणि स्वयंरोजगाराचे अर्थकारण

चेन्नईतील कोडंबक्कम परिसर तमिळ चित्रपटसृष्टीचे केंद्र म्हणून ओळखला जातो. तमिळ चित्रपटसृष्टीचे ‘कॉलीवूड’ हे नावही याच परिसरावरून पडले. १९४५ मध्ये स्थापन झालेली एव्हीएम आणि १९५६ मधील प्रसाद स्टुडिओ यांसारख्या संस्थांच्या काळात संकलनाची यंत्रे स्टुडिओच्या मालकीची असत. संकलक आपले कौशल्य घेऊन तेथे जात असे. यंत्राची किंमत, दुरुस्ती आणि देखभाल हा त्याचा प्रश्न नव्हता. आज घरातील एका खोलीत, स्वतःच्या संगणकावर हेच काम करणे शक्य झाले आहे. लग्नसमारंभ, जाहिराती, माहितीपट, शैक्षणिक चित्रफिती आणि मालिका यांमुळे कामाचे क्षेत्रही विस्तारले आहे. मात्र पूर्वी स्टुडिओ पेलत असलेली भांडवली जोखीम आता संकलकाच्या खांद्यावर आली आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर व हार्डवेअरची निवड हा तांत्रिक विषय असला, तरी मूलतः तो स्वयंरोजगाराच्या अर्थकारणाचा प्रश्न ठरतो.

फितीकडून संगणकाकडे

३५ मिलिमीटर फितीवर दर सेकंदाला २४ चौकटी धावतात आणि एका मिनिटाला ९० फूट फीत लागते. म्हणजेच अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी सुमारे १३,५०० फूट होते. मूव्हिओला किंवा स्टीनबेक यंत्रावर ही फीत प्रत्यक्ष कापून जोडली जाई. संगणकीय संकलनात मूळ चित्रण अबाधित राहते. कोणता तुकडा कोठे यावा, एवढीच नोंद संगणक ठेवतो. यालाच ‘नॉन-लिनिअर’ म्हणजे अरेषीय संकलन म्हणतात. अ‍ॅव्हिड कंपनीची अशी प्रणाली १९८९ मध्ये पुढे आली. १९९४ मध्ये प्रदर्शित झालेला कमल हासन यांचा ‘महानदी’ हा तमिळ चित्रपट भारतातील अ‍ॅव्हिडच्या प्रारंभिक वापरासाठी ओळखला जातो. १९९१ मध्ये अ‍ॅडोबीचे प्रीमिअर व १९९९ मध्ये अ‍ॅपलचे फायनल कट प्रो बाजारात आले आणि संकलन हळूहळू सर्वसाधारण संगणकाच्या आवाक्यात आले.

निवडीचा क्रम

नवोदित संकलक बहुधा प्रथम महागडा संगणक घेतो, मग सॉफ्टवेअर शोधतो आणि शेवटी कामाचा विचार करतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. आपल्याकडे येणारे चित्रण कोणत्या स्वरूपात असेल आणि ग्राहकाला काय सुपूर्द करायचे आहे, हे प्रथम निश्चित करावे. त्यावरून सॉफ्टवेअर ठरते आणि सॉफ्टवेअर व चित्रण या दोहोंवरून हार्डवेअर ठरते.

याचे कारण संक्षेपणाच्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या पद्धतीत आहे. एच-२६४ व एच-२६५ या स्वरूपांत कॅमेरा सामान्यतः काही चौकटीच पूर्ण नोंदवतो. मधल्या चौकटींतील केवळ फरक साठवतो. फाइल लहान राहते, परंतु प्रत्येक चौकट पुन्हा उभी करताना प्रोसेसरवर ताण येतो. याउलट प्रो-रेससारख्या स्वरूपात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवली जाते. प्रोसेसरचे काम हलके होते, पण फाइल मोठी होऊन ताण डिस्कवर येतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका विवाहसमारंभात तीन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी सहा तास, सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने एच-२६४ चित्रण केले. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून एका कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला १२.५ मेगाबाइट होतो. एका तासाला ४५ गीगाबाइट, तर एकूण १८ तासांना ८१० गीगाबाइट जागा लागते. तिन्ही कॅमेरे एकाच वेळी पाहताना डिस्कला सेकंदाला केवळ ३७.५ मेगाबाइट द्यावे लागतात. सामान्य हार्ड डिस्कही ते देऊ शकते. तरीही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. प्रोसेसरची उकल करण्याची क्षमता अपुरी असते. आता हेच चित्रण अल्ट्रा एचडी प्रो-रेस ४२२ मध्ये, सेकंदाला २५ चौकटींनी असेल, तर प्रत्येक कॅमेऱ्याला सुमारे ६१ आणि तिघांना मिळून सुमारे १८४ मेगाबाइट प्रतिसेकंद वेग लागतो. येथे हार्ड डिस्क अपुरी पडते व एसएसडी आवश्यक ठरते. पहिल्या कामासाठी वेगवान डिस्कवर आणि दुसऱ्यासाठी केवळ प्रोसेसरवर केलेला खर्च वाया जातो.

यावर एक अल्पखर्ची उपाय आहे. मूळ चित्रणाची हलकी प्रतिकृती, म्हणजे ‘प्रॉक्सी’ तयार करून तिच्यावर संकलन करावे आणि अंतिम प्रत काढताना मूळ चित्रण जोडावे. सेकंदाला १० मेगाबिट वेगाची प्रॉक्सी केल्यास वरील ८१० गीगाबाइटचे काम ८१ गीगाबाइटमध्ये हाताळता येते. प्रॉक्सी स्वतंत्र चौकटींच्या स्वरूपात किंवा कमी आकारमानात केल्यास प्रोसेसरचा भारही घटतो. जुना संगणक त्यामुळे आणखी काही वर्षे उपयोगी पडतो.

सॉफ्टवेअरची निवड

अ‍ॅव्हिड मीडिया कंपोजर मोठ्या चित्रपटांच्या सामूहिक कामात रुळलेले आहे. अ‍ॅडोबीने २०१३ पासून वर्गणीची पद्धत स्वीकारली. प्रीमिअर वापरणाऱ्यास हा खर्च सातत्याने करावा लागतो. फायनल कट प्रो केवळ अ‍ॅपलच्या प्रणालींवर चालते, म्हणून ते निवडताच संगणकाचीही निवड होऊन जाते. ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ताब्यात घेतलेल्या दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती अनेक व्यावसायिक कामांना पुरेशी ठरते. मात्र आपल्या कॅमेऱ्याची फाइल आपल्या कार्यकारी प्रणालीवर तिच्यात उघडते का, हे आधी तपासावे. केडेनलाइव्ह व शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर शिकण्यासाठी आणि साध्या कामांसाठी उपयुक्त आहेत. ग्राहक प्रकल्पाची फाइलही मागणार असेल, तर तो वापरत असलेले सॉफ्टवेअर घेणे क्रमप्राप्त ठरते.

हार्डवेअर आणि सुरक्षितता

चेन्नईत अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीट या बाजारपेठेत सुटे भाग घेऊन संगणक जुळवता येतो. अशा संगणकात स्मृती व डिस्क पुढे वाढवण्याची सोय राहते; सुरुवातीस सर्व भांडवल गुंतवावे लागत नाही. ग्राफिक्स कार्डचा मुख्य लाभ रंगसंस्करण व दृश्यपरिणामांत मिळतो. साध्या जोडकामासाठी उच्च श्रेणीचे कार्ड अनिवार्य नाही. पडद्याचे रंग मात्र विश्वासार्ह असावेत, अन्यथा केलेले रंगकाम ग्राहकाच्या पडद्यावर वेगळे दिसते.

किनारपट्टीवरील शहरात आपत्तीचा विचारही खरेदीचाच भाग आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. १२ डिसेंबर २०१६ रोजी धडकलेल्या ‘वरदा’ चक्रीवादळाने वीजपुरवठा विस्कळीत झाला. २०२३ मधील ‘मिचौंग’ चक्रीवादळातही शहर जलमय झाले. संगणक पुन्हा विकत घेता येतो. विवाहाचे चित्रण पुन्हा घेता येत नाही. म्हणून चित्रणाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी ठेवावी. वरील उदाहरणात तीन प्रतींना २,४३० गीगाबाइट जागा लागेल; हा खर्च कामाच्या दरातच धरला पाहिजे. संगणक सुरक्षितपणे बंद करण्याइतका अवधी देणारे यूपीएस हेही आवश्यक साधन मानावे.

भांडवल आणि परतफेड

समजा, १,८०,००० रुपयांची साधने तीन वर्षे वापरायची आहेत. त्यांचा भार दरमहा ५,००० रुपये पडतो. त्यात सॉफ्टवेअरची वर्गणी, वीज व साठवणूक मिळवावी. महिन्याला चारच कामे मिळत असतील, तर प्रत्येक कामातून किमान १,२५० रुपये केवळ साधनांपोटी वसूल व्हावे लागतात. संकलकाचा मेहनताना त्यानंतर सुरू होतो. जेवढे काम हाती आहे, तेवढ्यापुरतीच साधने घ्यावीत. क्वचित लागणारी साधने भाड्याने घ्यावीत.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ संकेतस्थळावर होते. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी नसलेल्या संकलकास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर त्याच्या खर्चाचाच भाग ठरतो.

कौशल्यविकासाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथेच आहे. तरमणी येथील शासकीय चित्रपट प्रशिक्षण संस्था किंवा पुण्यातील १९६० मध्ये स्थापन झालेली एफटीआयआय यांसारख्या संस्थांतून संकलनाची कला शिकता येते. परंतु मुक्त व्यावसायिकास कलेबरोबर लहान उद्योजकाची हिशेबी दृष्टीही लागते. यंत्रे स्वस्त झाल्याने या व्यवसायाचे दार उघडले असले, तरी त्यात टिकून राहणे हे प्रत्येक साधनाचा खर्च हाती असलेल्या कामातून भरून काढण्यावरच अवलंबून आहे.