बीट खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : वय २९. हिमोग्लोबिन ९.८. दोन महिने रोज बिटाचा रस आणि पालक घेते, तरी जिने चढताना धाप लागते. काय चुकतंय?

उत्तर : बिटाचा रंग लाल म्हणून त्यानं रक्त वाढतं, हा आपल्याकडचा जुना समज. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. तुमची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची. पालकातलं लोहही अंगी कमीच लागतं. त्यापेक्षा माठ, चवळीची पालेभाजी करा आणि हळीव आठवा. हळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी, असं कुणी ठरवलं कोण जाणे!

खरी गंमत 'क' जीवनसत्त्वात आहे. भाजी-भाकरीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी किंवा कच्चा आवळा घ्या. वनस्पतीतलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं. भाजी फार शिजवू नका, उष्णतेनं 'क' नष्ट होतं. आणि जेवल्या जेवल्या चहा? तो बंद. तासभर तरी थांबा, चहातलं टॅनिन लोह अडवतं.

पण नुसत्या भाजी-फळांवर ९.८ चे १२ व्हायला वाट बघत बसू नका. तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोहाच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानं सुरू करा. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरून मध्येच सोडू नका.