दुखण्यावर मलम लावताना

भाताची लावणी किंवा भांगलण आटोपली, की कंबर, खांदे आणि गुडघे बोलू लागतात. मग फळीवरची मलमाची नळी किंवा बामची बाटली खाली येते. "वरून लावायचे औषध, त्याने काय अपाय होणार?" असे पुष्कळांना वाटते. पण कातडीवर चोळलेले औषध काही अंशी रक्तातही जाते, हे ध्यानात ठेवावे.

ही औषधे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मेंथॉल, कापूर व मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीनचे तेल असते. दुसऱ्यात डायक्लोफिनॅकसारखे सूज उतरवणारे औषध असते. तिसऱ्यात मिरचीतले तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, असते. पुष्कळदा एकाच नळीत दोन-तीन द्रव्ये असतात. म्हणून नळीवरील मजकूर वाचावा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा.

पुढील गोष्टी पाळाव्यात:

1. जखम, खरचटलेली जागा, भेगा, डोळे व तोंड यांना औषध लागू देऊ नये.

2. औषध लावून घट्ट पट्टी बांधू नये किंवा वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध जास्त आत शिरते व कातडी भाजून फोड येऊ शकतात.

3. डायक्लोफिनॅक लावलेला भाग उन्हात उघडा ठेवू नये. 1 टक्का जेल गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि दिवसातून 4 वेळांपेक्षा जास्त नको. सोबत दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

4. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मगच भाकरी थापावी किंवा मूल घ्यावे.

5. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणारे, ॲस्पिरिनने दमा उसळणारे, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे, तसेच गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

थोडी लाली किंवा खाज येणे नेहमीचे आहे. पण आग वाढली किंवा फोड आले, तर औषध धुऊन टाकावे व पुन्हा लावू नये. चेहरा सुजला, दम लागला किंवा शौच काळे झाले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आहे. विंटरग्रीनच्या शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतका अंश असतो, म्हणजे 325 मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या! तेवढ्याने मुलाचा प्राण जाऊ शकतो. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. बाटली कुलपात ठेवावी. मुलाने औषध गिळले तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

सात दिवसांत दुखणे कमी झाले नाही तर तपासून घ्यावे. आणि छातीत दुखून कळ डाव्या हातात येत असेल, घाम फुटत असेल, तर बाम चोळत बसू नये. ते दुखणे मलमाचे नव्हे, इस्पितळाचे आहे.